गाळणीबाई आणि एक बटण

प्रकाशनाच्या ऑफिसात सगळे त्यांना गाळणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गेली कित्येक वर्षं त्या घरी बसून प्रुफं तपासत होत्या. एका मॉनिटरवर लेखकाचं मूळ, दुसऱ्यावर छपाईला जायचं पान. नजरेतून निसटलेली चूक छापून आली की त्यांना दोन-दोन दिवस अन्न गोड लागत नसे.

त्याच टेबलावर त्यांची सून घरांचे नकाशे काढायची. लॅपटॉप दोघींचे वेगळे, पण मॉनिटरची जोडी एकच. सुनेच्या ऑफिसचा फोन आला की गाळणीबाईंनी उठायचं, आपल्या तारा काढायच्या आणि तिच्या लावून द्यायच्या. हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"आई, आपण एक स्विच घेऊ या," सून एकदा म्हणाली. "दोन्ही लॅपटॉप त्यालाच जोडलेले राहतील. बटण दाबलं की मॉनिटर तुमचे, परत दाबलं की माझे."

झालं, नन्नाचा पाढा सुरू. कशाला हवा खर्च? आहेत त्या तारांचंच जंजाळ काय कमी आहे? सुनेनं चिकाटीनं पर्याय दाखवले. एक स्वस्त होता, पण त्यातून एकच मॉनिटर बदलायचा. गाळणीबाईंनी नेमका तोच उचलून धरला. "दुसऱ्याची तार मी बदलेन की! माझे हात काही मोडले नाहीत." दुसऱ्या स्विचनं दोन्ही मॉनिटर बदलायचे, पण दर वेळी उघडी पानं लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर गोळा व्हायची. तिसऱ्यात सगळं जिथल्या तिथे राहायचं. सुनेनं तिसरा मागवला.

खरी गोम वेगळीच होती. गाळणीबाईंना हल्ली अक्षरं धूसर दिसायची. कामाला बसल्या की त्या दोन्ही मॉनिटरचा उजेड पार वर चढवायच्या, आणि उठताना तारा बदलण्याच्या निमित्तानं गुपचूप उतरवून ठेवायच्या. डोळे गेले तर काम जाईल ही धास्ती त्यांनी पोटच्या मुलालाही कळू दिली नव्हती. आणि काम गेलं, तर मग आपण कोण? हे मेलं बटण त्यांची ती दोन मिनिटंच हिरावून घेणार होतं.

स्विच आला, जोडून झाला. पहिल्याच सकाळी सुनेचा फोन वाजला. "आई, दाबते हं," म्हणेपर्यंत तिनं बटण दाबलंसुद्धा. नकाशा उमटला तो डोळे दिपवणारा, पांढराफटक.

"अगं बाई, उजेड चुकून वाढला वाटतं," गाळणीबाई पुटपुटल्या.

सून नकाशाकडेच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तुम्ही रोज कमी करून ठेवता ना, तरी तो मला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्तच राहतो. तुम्हाला वाटतं, पहिल्यासारखा झाला."

मॉनिटरवरचे उजेडाचे बारीक आकडे गाळणीबाईंना वाचताच येत नव्हते. उजेड त्या अंदाजानंच उतरवत होत्या.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"केव्हापासूनच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या जपून लपवत होतात. मला धीरच झाला नाही."

गाळणीबाईंनी खुर्ची सुनेपुढे सरकवली. म्हणाल्या, "माझं पान आण परत. ते तपासून झालंय. आता तू वाच."

सुनेनं उशीर होईल असं ऑफिसला कळवलं, बटण दाबलं आणि मूळ प्रत ताडून बघत एकेक ओळ वाचू लागली. गाळणीबाई खुर्चीची पाठ घट्ट धरून मागे उभ्या होत्या. अर्ध्या पानाशी सुनेचं बोट थांबलं.

"माझं मन राखायला खोटं बोलू नकोस हं."

"एक राहिलीये, आई. ही इथे."

गाळणीबाई वाकल्या, नाक काचेला टेकेपर्यंत वाकल्या. सुनेचं बोट दिसत होतं. चूक दिसत नव्हती.

बऱ्याच वेळानं त्या सरळ झाल्या.

"डॉक्टरांची वेळ घे," त्या म्हणाल्या. "आणि बटण राहू दे असंच. पुढचं पान वाच."