बागेतले जपानी दिवे

हिंजवडीत नोकरी लागल्यावर काही वर्षांनी आम्ही नेऱ्याच्या रस्त्याला फ्लॅट घेतला. परभणीहून आलेल्या आम्हा नवरा-बायकोला घराआधी सोसायटीची बाग आवडली होती. बिल्डर तिला जपानी बाग म्हणायचा. पांढरे गोटे, लहानसं तळं आणि कडेने कमरेएवढे दगडी दिवे. खाली खांब, त्यावर चार खिडक्यांची दगडी पेटी, वर छत्रीसारखं छप्पर.

वर्षभरात तळं आटलं आणि दिव्यांच्या पिकदाण्या झाल्या. एकदा बॅडमिंटन खेळताना आमचं फूल त्यातल्या एका पेटीत जाऊन पडलं. मी हात घातला तर बोटांना काहीतरी ओलं, चिकट लागलं. चघळून थुंकलेला गुटखा. खाली पुड्या, कुजलेलं केळं, कुणाच्या तरी जखमेची पट्टी. मी तिथेच वाकून ओकले. घरी तीनदा साबण लावला, तरी त्या हाताने जेववेना.

हे सगळं शेजारच्या मावशींनी पाहिलं. सोसायटी त्यांच्याच रानावर उभी होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाला होता. दुसऱ्या दिवशी त्या बादली आणि काथ्या घेऊन खाली आल्या. पेटी घासून धुतली.

"ह्यात दिवा लावायचा असतो व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"जपानात लावतात म्हणे."

"मग लावू की. दिवा असला की मानसं थुकत न्हाईत."

त्या रोज संध्याकाळी पणती ठेवू लागल्या, आणि खरंच तेवढ्या एका दिव्यात कुणी थुंकेना. मग एका संध्याकाळी सेक्रेटरी आले.

"मावशी, तेलाने दगड काळा पडतो. बागेचा लूक जातो. हे बंद करा."

"आणि थुंकतात ते?" मी विचारलं.

"ते कोण करतं ते सापडत नाही, मॅडम. या सापडल्या."

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. मावशींनी पणती विझवून पदरात धरली आणि त्या जिना चढून गेल्या.

कमिटीने सगळ्या पेट्यांच्या खिडक्या सिमेंटने बुजवल्या. आठवड्याभरात त्या सिमेंटवरही लाल ओघळ आले. मी बागेतून जाणं सोडलं. संध्याकाळी बागेकडे उघडणाऱ्या मावशींच्या गॅलरीत चहाला बसायचे, तेव्हा खुर्ची भिंतीकडे वळवून घ्यायचे.