भाबीची जागा

माझ्या बायकोला नगरसेविका व्हायचं नव्हतं, ही गोष्ट तिचा फ्लेक्स चौकात लागल्यावर मला कळली.

तसा मी मूळचाच चुळबुळ्या. त्यात आमच्या बीड जिल्ह्यात नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं की भलेभले जागेवर बसत नाहीत, मग माझ्यासारख्या मास्तरची काय कथा! (मास्तर मराठीचा. शब्दांचे अर्थ समजावून सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, हे कृपया ध्यानात ठेवावं.) त्या दिवशी नगरपालिकेत वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत होती. आमचा वॉर्ड महिलांना सुटला तर सुनंदा उभी राहणार, निवडून येणार आणि मी नगरसेविकेचा नवरा होणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. नगरसेविकेच्या नवऱ्याला आमच्याकडे काय मान असतो म्हणून सांगू! सही तेवढी बाईनं करायची. हार, तुरे, उद्घाटनं, खुर्ची सगळं नवऱ्याचं. सुनंदाला विचारायचं राहून गेलं होतं, एवढंच.

सुनंदाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. गावाबाहेर तिच्या नावावर एक प्लॉट होता. लग्नापासून आमचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत, घरमालकिणीच्या तोंडाकडे बघत चाललेला. आता बांधकाम परवान्याची फाईल नगरपालिकेत होती आणि सुनंदा रोज संध्याकाळी प्लॉटवर जाऊन, फक्कीनं आखलेल्या स्वयंपाकघरात उभी राहून यायची. “इथं खिडकी. भाकरी थापताना समोरचा लिंब दिसाया पायजे,” एवढीच तिची अट होती.

सोडतीच्या दिवशी मला वर्गात धड उभं राहवेना. माझा दोस्त सलीम मिस्त्री, त्याचं गॅरेज नगरपालिकेच्या समोरच. त्याला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, काही कळलं की फोन कर. तास चालू असतानाच फोन वाजला.

“अबे मास्तर! भाबीच्या जागेवर आरक्षण पडलं बे!”

“नक्की?”

“अबे, माज्या डोळ्यानं बगितलं. बाहेर बोर्डावर लावलंय. गेली भाबीची जागा आरक्षणात!”

“सलीम, तुझ्या तोंडात साखर पडो!”

“मास्तर, तब्येत बरी हाय ना बे? हरकत घ्याया मुदत असती म्हणं. लवकर कर.”

“आमच्यावर कोण हरकत घेतो, तेच बघतो मी!” आणि मी फोन ठेवला.

शाळा सुटल्याबरोबर मी पेढे घेतले आणि थेट नगरपालिका गाठली. दिसेल त्याच्या तोंडात पेढा! नगररचना विभागाचे साहेब नकाशे पसरून बसले होते. “साहेब, आमच्या जागेवर आरक्षण टाकलंत, लई उपकार झाले!” म्हणून मी त्यांना दोन पेढे भरवले. ते माझ्याकडे बघतच राहिले. “असा नागरिक आजवर बघितला नव्हता हो,” ते म्हणाले. (मी त्यांना वाकून नमस्कार केला.)

अंधार पडायच्या आत चौकात फ्लेक्स चढला. ‘आमच्या हक्काच्या जागेवर आरक्षण टाकल्याबद्दल नगरपालिकेचे जाहीर आभार! भावी नगरसेविका सौ. सुनंदाताई.’ तिचा फोटो आधार कार्डावरचा, कोपऱ्यात. मधोमध मी, डोळ्यांना गॉगल आणि कानाला मोबाईल.

सुनंदा भाजीची पिशवी घेऊन तिथूनच चालली होती.

“अवो, ह्ये काय? मला नगरसेविका कावून केलं?”

“अगं, आरक्षण पडलं!”

तेवढ्यात सलीम रस्ता ओलांडून पळत आला. “मास्तर, हरकत दिली का?”

“कशाची हरकत?”

“अबे, प्लॉटची! शहराचा नवा आराखडा लागलाय बोर्डावर. भाबीच्या जागेवर कोंडवाडा दावलाय! परवाना काय भेटत न्हाई आता.”

“आणि वॉर्ड?”

“वॉर्डाचं कुणी काडलंतं? तो तर खुला सुटला!”

सुनंदा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फ्लेक्सखालच्या दगडावर बसली आणि हळूच म्हणाली, “माझ्या खिडकीत मोकाट जनावरं बांधणार का वो?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वर मी गॉगल घालून हसत होतो. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही लेखी हरकत दिली. सुनावणीपर्यंत मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. “तुमाला मुंग्या चावतेत का? बसा की!” सुनंदा म्हणायची, आणि स्वतः रात्रभर कूस बदलायची.

सुनावणीला समितीपुढे तेच पेढेवाले साहेब! मी घसा साफ केला, तेवढ्यात त्यांनी मोबाईल पुढे केला. “हा फ्लेक्सवरचा माणूस कोण?”

“मीच.”

“आभार मानलेत की जाहीर. मग हरकत कशाची?”

मी जागा या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. एक सभागृहातली, एक जमिनीवरची.

“आपण करता काय?”

“मराठी शिकवतो.”

समिती खो-खो हसत सुटली. फाईल आता बुडालीच म्हणून मी मान खाली घातली. तेव्हा सुनंदा उठली.

“साहेब, आभार ह्यांनी मानलेत. जागा माझ्या नावावर हाय. माझी सही हाय का त्या फ्लेक्सवर? अन् कोंडवाड्याला पाणी लागतं. आमच्याकडं प्याया न्हाई, तर जनावराला कुठून आणणार? वड्याकाठी सरकारी जमीन मोकळी पडलीय, तिथं करा की!”

हसणं थांबलं. साहेबांनी नकाशा जवळ ओढला, ओढा शोधला आणि शेजारच्यांशी बराच वेळ कुजबुजले. मग म्हणाले, “ताई, तुम्ही खरंच निवडणुकीला का उभ्या राहत नाही?”

“आधी घर उभं राहू द्या,” सुनंदा म्हणाली.

आराखडा अंतिम झाला तेव्हा कोंडवाडा ओढ्याकाठी सरकला होता. परवाना आला, घर झालं, खिडकीतून लिंब दिसतो. बांधकामाच्या वेळी सिमेंटच्या गोण्यांवर तो फ्लेक्सच पांघरला होता. पावसाळाभर मी गॉगल घालून भिजत होतो. ओढ्याकाठचा कोंडवाडा मात्र अजून काही झालेला नाही, त्यामुळे ते नाव आमच्याच घराला चिकटलंय. कुणी मास्तरचा पत्ता विचारला की सलीम गॅरेजमधूनच हात करतो, “कोंडवाडा का? जा सरळ. एकच जनावर हाय तिथं. दिसंल त्याला पेढे चारतंय!”