सदाला घाम येत नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही ऐका — मधे बोलू नका.

सदा माझा धाटावच्या कंपनीतला जोडीदार. मे महिन्यात पेणला एका दोस्ताचं लग्न होतं. एसट्या भरून जात होत्या, म्हणून आम्ही रोह्याहून सायकली काढल्या. मुहूर्त दुपारचा, आणि मला उशीर खपत नाही — डोकं तेव्हाही तापटच. तो दोनदा सावलीत थांबू म्हणाला, दोनदा मी त्याला शिव्या घातल्या. पाण्याची बाटली माझ्याकडे होती. सायकल हाणताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, असं मीच दरडावून सांगत होतो. कुठून आणलं होतं हे शहाणपण?

नागोठण्याच्या पुढे तो रस्ताभर आडवातिडवा जायला लागला. धरायला गेलो तर माझ्या तोंडावर ठोसा मारला. सदाने — ज्याने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. बरळत होता, मला ओळखत नव्हता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. हे मी पाहिलं. पाहूनही सायकलचा पंप काढून त्याला हाणला — हात दुखेपर्यंत. पडल्यावर लाथा घातल्या. बरं वाटत होतं का? वाटत होतं.

टपरीवरची माणसं धावली. का मारतोस, म्हणाली. मी म्हणालो, "दारू प्यायलाय."

मग दारुड्याला कोण सावलीत नेतं? उतरेल आपोआप, म्हणून त्याला उन्हातच पडू दिलं. एकजण पाणी ओतायला निघाला होता, त्यालाही मीच अडवलं. थोड्या वेळाने झटके आले. टेम्पो मिळेपर्यंत सदा गेला. डॉक्टर उष्माघात म्हणाले, लोक दारू म्हणाले. लोकांचं टिकलं. अंगावरचे वळ सायकलवरून पडल्याचे, असं मी सांगितलं — टपरीवाल्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याही अंगाशी आलं असतंच.

सदाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. सहा वर्षं शिवला नव्हता. हे मला माहीत होतं. वहिनीने मला एकटं गाठून विचारलं, "भावजी, खरंच घेतली व्हती काय त्यांनी?"

मी म्हणालो, "व्हय."

तिने दहाव्याचीही वाट पाहिली नाही, त्याचे कपडे कुंडलिका नदीत फेकून दिले. बाप शपथ मोडून मेला, हे ऐकतच ती मुलगी वाढली.

वहिनी नदीपलीकडे अष्टमी गावात राहते. पूल ओलांडला की दहा मिनिटं. मी अजून गेलेलो नाही.