रेणूच्या टेबलाशेजारची खुर्ची

रिसालीतल्या बोरकरांच्या घरात परीक्षा एकट्या रेणूची, पण अभ्यासाला बसायचे दोघे. अकरावीतली रेणू टेबलाशी आणि तिचा बाप प्रफुल्ल शेजारच्या खुर्चीत. प्रफुल्ल स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो. ड्यूटीवरून आला की हातपाय धुऊन थेट खुर्ची गाठतो. केमिस्ट्रीतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण पोरीने पान उलटलं की हा मान डोलावतो, तिने पेन खाली ठेवला की हा खाकरतो. बायको सरला म्हणते, "यायलेच बसवा परीक्षेले!"

मागच्या पालकसभेत तर गड्याने कमाल केली. भर वर्गात उभं राहून मॅडमना विचारलं, "हिले घरी मोबाइल किती वेळ द्याचा?" पोरं फिदीफिदी हसली. रेणूला कुठे तोंड लपवू असं झालं. उद्या पुन्हा सभा होती, आणि तिने जाहीर करून टाकलं, "उद्या आईच येईल. तुमी नोको."

"कावून वो?" प्रफुल्लचा चेहरा पडला. साहेबाच्या मागे लागून त्याने ड्यूटी बदलून घेतली होती. त्याचा स्वतःचा बाप कधी शाळेची पायरी चढला नव्हता. आपण तसं करायचं नाही, एवढं त्याने पक्कं ठरवलं होतं.

"बाबा, एक सांगा. तुमच्या पुढच्या पाळीचा रिलीव्हर क्रेनवर चढला, की तुमी केबिनमध्येच बसून रायता का?"

"हट्! उतरून जातो. मी मांगं बसून रायलो तं त्याचं ध्यान कामावर राहीन का?"

बोलून गेला आणि त्याची नजर स्वतःच्याच खुर्चीवर गेली. मग खुर्ची उचलून अंगणात नेली. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आता करायचं काय, हेही सुचेना.

थोड्या वेळाने रेणू पुस्तक घेऊन बाहेर आली. "मी समजावते, तुमी फक्त आयका." केमिस्ट्रीतला मोल म्हणजे काय ते तिने सांगितलं.

"नाही समजलं," प्रफुल्ल म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा ती स्वतःच मध्ये अडली, डोकं खाजवलं आणि हसत सुटली. "अरे यार, ये तो मुझे ही नहीं आता!" म्हणत आत पळाली.

प्रफुल्ल तिच्या मागे जायला अर्धवट उठला आणि परत खाली बसला. पोरगी आत मोठ्याने वाचत होती.

"बाबा," तिने आतूनच हाक दिली, "उद्या चला तुमी. पन मॅडमले मी विचारीन. तुमी बोलाचं नाही."

प्रफुल्लने बाहीने डोळे पुसले. "नमस्ते तं करू ना?"

"करा. पन एकच बार."