टाळ्यांपुढे झुकलेली मान

गुंगालिनच्या ट्राम स्टॉपवर रोज सकाळी एक म्हातारा जर्मन भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. लांब राखाडी कोट, गळ्याशी घट्ट मफलर. 'मॉर्निंग' म्हटलं की तो टाचा जुळवायचा आणि मान जराशी झुकवायचा. सगळ्यांना 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणणाऱ्या या परक्या देशात मला त्याची ती अदब फार आवडायची.

एकदा ट्रामला उशीर झाला आणि तो बोलायला लागला. जर्मनीत त्याने मित्रांबरोबर एक पक्ष काढला होता. सगळे प्राध्यापक नि व्यापारी. युरो नको, कर कमी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. मग सभांना गर्दी व्हायला लागली. त्या गर्दीला युरोशी काही देणंघेणं नव्हतं, तिला देशात परकी माणसं नको होती. शेवटी तिने यांनाच पक्षातून हुसकावलं. यांनी दुसरा पक्ष काढला. तो सभागृहातून हॉटेलच्या खोलीत, तिथून कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर आला आणि तिथेच विसर्जित झाला. जुना मात्र वाढतोच आहे.

"ती माणसं कशासाठी येतायत, ते कळलं नव्हतं तुम्हाला?" मी जरा तिखटपणेच विचारलं. परकी माणसं म्हणजे माझ्यासारखीच की!

"तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "पण टाळ्या तेच जोरात वाजवायचे."

"मग तुम्ही काय केलंत?"

त्याने टाचा जुळवल्या आणि मान जराशी झुकवली.

हल्ली मी थंडीतही पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जातो आणि तिथून ट्राम पकडतो.