शाळेचे सागवान आणि जिनिंगचा हौद

"त्या मॅनेजरनं शाळेचं सागवान पाणी मारू मारू सडवलं. छपराले लागलं ते म्या डेपोतून देल्लं."

आर्णीच्या एका चहाच्या टपरीवर एक निवृत्त वनपाल वर्षानुवर्षे हे सांगत आले आहेत. तो मॅनेजर मीच. माझे गुडघे थकले आहेत, स्मरण नाही.

कापसाच्या पडझडीची ती वर्षे. आमच्या जिनिंगचे, म्हणजे सरकी काढून गठाणी बांधण्याच्या कारखान्याचे, आवार होळीआधीच रिकामे पडले होते. वैशाखात वादळ आले आणि शेजारच्या तांड्यावरील शाळेचे छप्पर घेऊन गेले. त्याच वादळाने जंगलात आडव्या केलेल्या सागांचे काही ओंडके शाळेला मंजूर झाले. वनखात्याच्या लाकूड डेपोत जागा नव्हती. चार गावांची छपरे उडाल्यामुळे सुतारही महिन्याने येणार होता. ओले सागवान त्या उन्हात महिनाभर उघडे पडले तर तडकते. दुसरे मिळणार नव्हते, आणि जूनअखेर शाळा उघडायची होती. मी आमचे आवार देऊ केले.

ओंडके आमच्याच मजुरांनी रचले. त्या हातांनी जन्मभर कापसाच्या गठाणी रचलेल्या. त्यांनी फट न ठेवता घट्ट थप्पी लावली. तेव्हा नोकरीत असलेले हेच वनपाल आले आणि हसले.

"मॅनेजर साहेब, लाकूड हाये हे, गठाण नाई! मंधात हवा खेळू द्या ना."

तांड्यावरचीच आमची मुकादमबाई थप्पीवरून म्हणाली, "हवा कायले, साहेब? या उनात मानूस तडकून राह्यला, तं लाकूड नाई तडकन का?"

मीही तेच म्हणणार होतो; ती आधी बोलली, इतकेच. आगीच्या भीतीने बांधलेला हौद तुडुंब होता, आणि कापूसच नाही तिथे आग कशाला लागेल? आम्ही थप्पीवर पोती अंथरली, पंप सुरू केला आणि दिवसातून तीनदा पाणी मारले.

इतका आनंद त्या आवाराने भर हंगामातही पाहिला नव्हता. नळी कोणी धरायची यावरून भांडणे होत. लाकडाच्या निमित्ताने बायका एकमेकींना नखशिखान्त भिजवत. एकदा पाहणीला आलेले वनपालच धारेत सापडले.

"चुकलं, साहेब," मुकादमबाई म्हणाली.

"चुकलं कायचं? नेम धरून राह्यली व्हती तू!" टोपी पिळत ते म्हणाले, आणि स्वतःच खदखदून हसले. टपरीवर हा भाग ते गाळतात.

शाळा उघडली त्या दिवशी मुले नव्या छपराखाली बसली. राहिला प्रश्न लाकूड कोणते होते याचा. तडकलेले टोक सुतार प्रथम कापून टाकतो, हे वनपालांनाही ठाऊक आहे. आणि आमच्या मजुरांनी, मी न सांगता, केवळ हाताच्या सवयीने, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर गठाणीचा मार्का उठवला होता. शाळेच्या भिंतीबाहेर आलेल्या आढ्याच्या टोकावर काळ्या अक्षरांत 'गठाण क्र. ७' असे आजही वाचता येते.