मॅनेजर शेअर घेतोय म्हणे

रंगनाथला धंदा कळतो की नाही, यावर कोल्हारात दोन तट होते. माणूस सोन्यासारखा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. आता नुसत्या चांगुलपणावर कंपनी चालते होय? पण गावातलाच मॅट्रिक झालेला पोरगा म्हणून लोकांनी त्यालाच मॅनेजर केलं होतं.

कंपनी सिमेंटचे पाईप करायची. शेतकऱ्यांनीच शंभर-शंभर रुपयांचे शेअर घेऊन ती उभी केलेली. प्रवरेचं पाणी पाईपातून लांबच्या रानात न्यायचं, असा बेत होता. सुरुवातीला माल तयार व्हायच्या आत बैलगाड्या दाराशी लागायच्या. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरीत पाणीच नाही, तर पाईप घालायचे कशाला? सिमेंट मिळेना, केलेला माल खपेना, पाईप आवारात नुसते पडून राहिले.

लोक शेअर विकायला काढू लागले. गावात एक दलाल हिंडायचा, तो शंभराच्या शेअरला चाळीस रुपये टेकवायचा. रंगनाथला ते बघवेना, कारण याच लोकांच्या दारोदार फिरून त्यानं ते शेअर खपवले होते. बैलांना चारा नाही म्हणून कचरू नावाचा एक शेतकरी रडकुंडीला आला, तेव्हा रंगनाथनं स्वतःच्या खिशातले शंभर दिले आणि शेअर आपल्या नावावर करून घेतला. मग दुसरा आला, मग आणखी दोघं आले. हे पैसे कुठले? दोन खोल्या बांधायच्या म्हणून त्याच्या बायकोनं, पुष्पावतीनं, पोटाला चिमटा घेऊन मागे टाकलेले.

"अहो, खोल्यांचं राहू द्या. पण निदान चाळीसनं तरी घ्या!" ती म्हणाली.

"शंभर सांगून मीच त्यांच्या गळ्यात घातलेत ना?"

तिनं त्याचं ताट वाढलं.

आणि इथं गावानं घोळ घातला. गावाला दुसऱ्याची कणव कुठली दिसायला, व्यवहार तेवढा दिसतो! मॅनेजर शेअर घेतोय म्हणे, अशी पिठाच्या गिरणीवर चर्चा, एसटीच्या थांब्यावर चर्चा. "आतला मानूस हाय. त्याला सगळं ठावं आसनार. मोटी सरकारी ऑर्डर येतीय बग!" बघता बघता विकणारे गप्प झाले. दलालाला कुणी दारात उभं करीना. दोघं-तिघं तर उलट रंगनाथकडेच शेअर मागायला आले. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

चेअरमन कानिफनाथ मात्र खूश. "झकास केलंस, रंगनाथ! आमी संचालकबी घेतो आता दोन-दोन. लोकांना धीर येतो. फक्त कंपनीत किती दम उरलाय, ते कुटं बोलू नको. बोललास तर उद्या कुलूप लागंल."

कामगारांच्या चुली डोळ्यांपुढे आल्या. रंगनाथनं शब्द दिला.

आता मुक्ताबाई. ही काही त्याच्या नात्यातली नव्हे. पण त्याची आई गेली, तेव्हापासून मॅट्रिक होईपर्यंत या पोराला तिनं आपल्या घासातला घास दिला. नवरा नाही, मूलबाळ नाही. एक म्हैस होती, तीही विकून तिनं दोन शेअर घेतले, का तर रंगा म्हणतोय! तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. आणखी थांबलात तर नजर जाईल, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. शेअर विकले की ऑपरेशनचा खर्च भागत होता. फुकटचा पैसा घेणारी ती बाई नव्हे. रंगनाथनं देऊन पाहिला, तर तिनं तो चाचपडत त्याच्याच खिशात परत कोंबला. शेअर विकायला ती तयार होती, पण गावातली बातमी तिच्याही कानावर गेली.

"न्हाई इकायचे," ती म्हणाली. "तूच घेतोयस, म्हंजे लई वर जानार आसतील. मी थांबते. तवर दिसतंय की थोडं."

कसलं दिसतंय डोंबल! चुलीतला जाळ तेवढा उजळ दिसायचा. तव्याला लागून म्हातारीची बोटं भाजलेली होती.

रंगनाथ उंबऱ्यातच बसला. बोलावं, तर चेअरमनला दिलेला शब्द मोडतो, आणि गावभर झालं तर कंपनीच जाते. गप्प बसावं, तर ही माउली त्याच्यावरच्या भरवशापायी आंधळी होते. त्यानं फार वेळ विचार केला नाही.

"काकी, कंपनीत दम न्हाई. पुढच्या साली ऱ्हाईल का, ते मलाबी सांगता येत न्हाई."

"मग तू कशापायी घेतोयस रं?"

"लोकांची नड हाय. मीच त्यांना घ्यायला लावलेत."

म्हातारी उठली, पत्र्याच्या पेटीतून शेअरचे कागद काढून त्याच्या हातात दिले आणि ते त्याच्या नावावर करायला अंगठा कुठं करायचा ते विचारलं.

"मी कुनापाशी बोलनार न्हाई," ती म्हणाली. "पन रंगा, तुजं कसं व्हायचं?"

"माझं बघू, काकी."

तिनं शब्द पाळला. मॅनेजर घेतोय आणि ही विकतेय, म्हणून गावानं तिला वेड्यात काढलं. तिनं ते हसण्यावारी नेलं, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कंपनी आजचं उद्यावर ढकलत चालू राहिली. लोक रोज रंगनाथचं तोंड बघायचे. मॅनेजर हसतोय ना, मग सगळं ठीक, असं म्हणून आपापल्या वाटेनं जायचे. तोही बिचारा हसायचा.

नगरला मुक्ताबाईचं ऑपरेशन झालं. पुष्पावती तिच्या उशाशी राहिली, हातानं भरवत होती. पट्टी सुटायची त्या दिवशी रंगनाथ सकाळच्या एसटीनं आला. नर्सनं पट्टी काढून जाड भिंगाचा चष्मा म्हातारीच्या डोळ्यांवर चढवला. तिनं आधी खिडकी पाहिली, मग पुष्पावतीचा चेहरा हातात धरून न्याहाळला, मग दाराशी उभ्या रंगनाथकडे वळली. तो नेहमीसारखा हसत होता.

तिचं हसू मावळलं.

"आरं माज्या लेकरा," ती म्हणाली, "किती वाळलायस रं! एवढ्या गावात कुनालाच दिसलं न्हाई व्हय?"

रंगनाथला तोंडावरचं हसू टिकवून धरता येईना. खाटेपाशी येऊन तो खालीच बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.